लहान मुलांसोबत मुंबई: कोकणातून येणाऱ्या कुटुंबांसाठी लोकल, मेट्रो, बोट आणि राणीच्या बागेचं परीक्षण

मे महिन्यात मुंबईची माणसं गावी येतात, आणि त्याच सुट्टीत, नाहीतर दिवाळीत, गावची मुलं काका-मामाकडे मुंबईला जातात. राहायचं डोंबिवलीला, दिव्याला, नालासोपाऱ्याला नाहीतर विरारला, आणि मुलांना दाखवायचं ते जवळजवळ सगळं वरळी-भायखळ्यापासून कुलाब्यापर्यंतच्या पट्ट्यात. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर, डोंबिवली ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) 50 च्या आसपास. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा दिवस बहुतेक वेळा या अंतरातच बिघडतो. ठिकाण कितीही चांगलं असलं तरी मूल तिथे पोचेपर्यंत रडकुंडीला आलेलं असतं. म्हणून इथे ठिकाणांइतकंच महत्त्व तिथे पोचवणाऱ्या गाड्यांना आणि बोटींना दिलं आहे. जिने किती, सावली किती, रांग किती, आणि मूल मध्येच थकलं तर लगेच परत फिरता येतं का, एवढंच पाहिलं आहे.

कौल आधीच सांगून टाकू. राणीची बाग पहिली, नेहरू सायन्स सेंटर दुसरं. भुयारी मेट्रो हे प्रवासाचं साधन असलं तरी मुलांना ते ठिकाणासारखंच आवडतं. घारापुरी (एलिफंटा) लेणी सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. आणि एका दिवसात एकच मोठं ठिकाण, तेही दुपारच्या जेवणाआधी. हा शेवटचा नियम मोडला की बाकी सगळं नियोजन फुकट जातं.

गावाहून येताना

लहान मुलांसाठी सगळ्यात सोयीच्या गाड्या म्हणजे रात्रीच्या कोकणकन्या आणि तुतारी. मूल रात्रभर झोपतं, गाडी पहाटे किंवा सकाळी लवकर ठाणे-दादरला लागते, आणि त्या वेळी कल्याण-विरारकडे जाणाऱ्या लोकल रिकाम्या असतात. डोंबिवली-कल्याणला जायचं असेल तर ठाण्यालाच उतरावं. नवी मुंबईसाठी पनवेल. विरार-नालासोपाऱ्यासाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जावं. तिथे पूल आणि जिने चढायचे असतात, त्यामुळे प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक हात मोकळा राहील एवढंच सामान असावं. पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांसाठी ऑगस्ट 2024 पासून वांद्रे–मडगाव ही गाडी वसईमार्गे सुरू झाली आहे. आठवड्यातून दोनच दिवस असते, पण बोरिवली-वसईला थांबते, त्यामुळे दादरचे जिने वाचतात.

मांडवी, जनशताब्दी आणि वंदे भारत या दिवसाच्या गाड्या आहेत, पण तिन्ही मुंबईत रात्री पोचतात. ठाण्यात घर असेल तर चालतं. पुढे तासभर लोकल असेल तर झोपलेलं मूल, बॅगा आणि रात्रीचा प्रवास हा भार नको.

तिकिटाचा एक नियम बऱ्याच जणांना खिडकीवर गेल्यावर कळतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण बर्थही नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर त्यालाही बर्थ मिळत नाही. स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. चेअर कारमध्ये, म्हणजे नुसत्या बसायच्या डब्यात, तर बिनसीटचं अर्धं तिकीट मिळतच नाही, म्हणजे वंदे भारतमध्ये सहा वर्षांच्या मुलालाही मोठ्यांइतकंच भाडं पडतं. स्लीपरमध्ये एक मोठं माणूस आणि एक लहान मूल एका बर्थवर निभावतं. आठ वर्षांचं मूल मात्र निभत नाही, त्याचा बर्थ काढावाच. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पावसाळी वेळापत्रक लागू झालं की गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा सप्टेंबरमध्ये निघणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या वेळा धरून चालू नये.

एसटीचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: महिलांना मार्च 2023 पासून निम्मं भाडं, मुलांनाही पाच ते बारापर्यंत निम्मं, त्यामुळे खर्च खूप कमी होतो. पण घाटात मुलांना गाडी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी माणगाव-इंदापूरला किती वेळ अडकू याचा भरवसा नाही. जायचंच असेल तर चाकांच्या मागची सीट टाळा, पुढच्या अर्ध्यातली घ्या, आणि निघण्याआधी मुलाला दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा भाकरी बरी.

लोकल: दिशा आणि वेळ पाळली तर चांगली, नाहीतर नकोच

उपनगरात राहून दक्षिण मुंबईला जायचं म्हणजे गर्दी ज्या दिशेला जाते त्याच दिशेला जायचं. सकाळी साधारण आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट. या दोन्ही वेळांत लहान मुलाला घेऊन फास्ट लोकलमध्ये शिरू नये. घरच्यांनी "आम्ही रोज जातो, काही होत नाही" म्हटलं तरी नाही. रोज जाणाऱ्याला डब्यात कुठे उभं राहायचं आणि कोणत्या स्टेशनाआधी दाराकडे सरकायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडासमोर मात्र फक्त लोकांच्या पिशव्या असतात आणि त्याला हवाही नीट मिळत नाही.

मग दोन मार्ग उरतात. सकाळी सहा-साडेसहाला निघून राणीची बाग उघडायच्या आत दादर किंवा माटुंग्याला पोचायचं आणि नाश्ता तिथे करायचा. किंवा अकरानंतर निघायचं आणि संध्याकाळी चौपाटी उरकून नऊनंतर परतायचं. पहिला मार्ग जास्त चांगला, कारण मुलं सकाळीच ताजीतवानी असतात आणि दुपारी तीनच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते. दुसरा मार्ग शाळकरी मुलांना जमतो, तीन वर्षांच्या मुलाला नाही.

डोंबिवली, ठाणे, बोरिवली अशा ठिकाणांहून तिथूनच सुटणाऱ्या लोकल असतात. त्या रिकाम्या लागतात, पाच-सात मिनिटं थांबावं लागलं तरी थांबावं. स्लो गाडीला वेळ जास्त लागतो, पण लहान मुलांसाठी तीच योग्य. फास्ट गाडीत मुलाला मध्येच लघवी लागली तर पुढचं स्टेशन लांब असतं, स्लोमध्ये कुठेही उतरता येतं. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद ठेवतात. कोणत्या मार्गावर आणि किती ते किती, हे आदल्या दिवशी जाहीर होतं. ब्लॉकच्या वेळेत फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, गाड्या कमी होतात, आणि रविवारची दुपार असूनही डबे खचाखच भरतात.

चढण्या-उतरण्याची पद्धत घरातून निघण्याआधी ठरवून घ्या. मुलाचं बोट धरू नका, मनगट धरा. गर्दीचा एक धक्का लागला की बोट सुटतं, मनगट सुटत नाही. एक मोठं माणूस आधी चढतं, दुसरं खालून मूल उचलून त्याच्याकडे देतं आणि मग स्वतः चढतं. उतरताना उलट: एक आधी उतरतं, वरचं माणूस मूल खाली देतं. प्लॅटफॉर्म आणि फूटबोर्ड यांच्यातली फट काही स्टेशनांवर एवढी असते की लहान पाय सहज आत जाईल. तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मुलालासुद्धा "उडी मार" म्हणू नये. स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनापासून दाराकडे सरकायला लागावं आणि समोरच्याला "उतरणार का?" विचारावं. तो उतरणार नसेल तर वाट मिळते.

आई मुलांना घेऊन लेडीज डब्यात आणि बाबा जनरलमध्ये, असं बरीच कुटुंबं करतात आणि ते सोयीचं आहे. फक्त दोन गोष्टी पक्क्या हव्यात. उतरल्यावर भेटायचं कुठे, तर "पुलाखाली" नाही, कारण पूल तीन-चार असतात; "लेडीज डबा थांबतो तिथेच, आई हलणार नाही" असं ठरवावं. आणि ताटातूट झाली तर जो प्लॅटफॉर्मवर राहिला तो तिथेच थांबेल, जो गाडीत राहिला तो पुढच्या स्टेशनवर उतरून मागे येईल. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की तास जातो. मुलाच्या हातावर बॉलपेनने मोबाईल नंबर लिहून ठेवावा, खिशातली चिठ्ठी पडते. रेल्वेची मदत 139, लहान मुलांसाठी 1098, पोलिसांसाठी 112.

ढकलगाडी आणू नये. पादचारी पुलांचे जिने, मध्येच संपणारे फुटपाथ आणि लोकलचा दरवाजा, तिन्ही ठिकाणी ती उचलूनच न्यावी लागते. पोटाशी किंवा पाठीशी बांधायची झोळी घ्या. तिकिटासाठी रांग नको असेल तर मोबाईलवर काढा, पण स्टेशनात शिरण्याआधी काढा. आत गेल्यावर ॲप तिकीट देत नाही. एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही खिडकीवर मिळतं. ते मध्य, पश्चिम आणि हार्बर तिन्ही मार्गांवर चालतं, त्यामुळे रोजची रांग वाचते.

राणीची बाग

भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान बुधवारी बंद असतं. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. हे लक्षात न घेता आलेली कुटुंबं गेटवरून परत जाताना नेहमी दिसतात. सकाळी साडेनऊला उघडते. भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटं. स्टेशनची जुनी इमारत नीट जतन केल्याबद्दल तिला 2022 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरवलं गेलं. जाता-येता मान वर करून बघावी अशीच ती आहे.

मोठ्या माणसाचं तिकीट 50 रुपये, आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांचं एकत्र तिकीट 100. मुंबईत एवढ्या पैशात चौघांची पूर्ण सकाळ दुसरीकडे कुठे जात नाही. सुट्टीत खिडकीवर रांग लांब असते, त्यामुळे ऑनलाइन काढून यावं. संध्याकाळी बाग बंद होण्याच्या बऱ्याच आधी तिकीटखिडकी बंद होते, म्हणून "चारनंतर ऊन उतरल्यावर जाऊ" हा बेत धोक्याचा.

पेंग्विन हे मुलांचं पहिलं आकर्षण. 2016 मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, मार्च 2017 पासून लोकांना बघता येऊ लागले, आणि आता इथेच जन्मलेली पिल्लं मोठी झाली आहेत. मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी: तिथे बर्फ नाही. हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, खडकांवर राहणारे. त्यांच्या दालनातलं तापमान 16 ते 18 अंशांच्या आसपास ठेवतात. चित्रातला पांढरा बर्फ शोधणारं मूल काचेपुढे पहिली दोन मिनिटं तेच विचारत राहतं आणि तेवढ्यात रांग पुढे सरकते. काचेच्या अगदी जवळ मुलाला उभं करा आणि वर खडकाकडे नाही, खाली पाण्याकडे बघायला सांगा. जमिनीवर पेंग्विन डुलत चालतो, नाहीतर नुसता उभा असतो. पाण्यात तोच पंख मारत काचेला घासून सुसाट जातो, मागे बुडबुड्यांची रेघ राहते, आणि मुलं ओरडतात ती तेव्हाच. फ्लॅश बंद ठेवावा.

क्रम दिवसाप्रमाणे बदलावा. सुट्टीच्या दिवशी गेट उघडल्यावर थेट पेंग्विनकडे जावं, अकरा-बारापर्यंत तिथली रांग वाढलेली असते. शाळा चालू असतानाच्या साध्या दिवशी उलट करावं: आधी वाघ, अस्वल, पक्षी, आणि ऊन चढल्यावर पेंग्विनच्या गार दालनात. वाघ-बिबटे सकाळी हिंडतात. बारानंतर ते सावलीत झोपतात, आणि "वाघ कुठाय?" याचं उत्तर देता देता बाबा थकतात.

पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात आपण स्वतः आत शिरतो, ही या बागेतली सगळ्यात सुंदर जागा आहे. वर जाळी, मध्ये झाडं आणि पाणी, आणि पक्षी डोक्यावरून जातात. मुलाला टोपी घाला, शिट पडते. कडेवरचं मूल इथे खाली सोडायला हरकत नाही.

आणि झाडं. या बागेला दीडशेहून जास्त वर्षं झाली आहेत आणि इथली वृक्षसंपदा मुंबईत दुसरीकडे क्वचित बघायला मिळते. जाडजूड बुंध्याची गोरखचिंच मुलांना मिठी मारून मोजायला लावा. आई, बाबा आणि दोघं मुलं हात धरून उभी राहिली तरी पुरे पडतील का ते बघा. उर्वशीचं झाड फुलावर असेल तर मोठ्यांनीही थांबावं. झाडांमुळेच मे महिन्यातही बाग सुसह्य होते. वाटांवर सावली आहे, बाकं आहेत. एकंदर चालणं मात्र भरपूर आहे. तीन वर्षांचं मूल अर्धी बाग चालतं, उरलेली कडेवर बघतं. सगळे पिंजरे बघण्याचा अट्टहास सोडून दोन-अडीच तासांत बाहेर पडावं.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 मध्ये लोकांसाठी उघडलेलं. तेही बुधवारी बंद. मुंबईतल्या जुन्या कारागिरांच्या, वेषांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे काचेच्या कपाटात आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांना त्या फार आवडतात, कारण सगळं त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आवारात घारापुरीहून आणलेला मोठा दगडी हत्ती आहे. बेटावर मुलांना न्यायचं नसेल तर तेवढा हत्ती तरी इथे दाखवता येतो.

सायन्स सेंटर आणि भुयारी मेट्रो

बुधवारी किंवा सोमवारी काय करायचं, हा प्रश्न सहलीत हमखास येतो. सोमवारी घारापुरी, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि वरळीचं तारांगण बंद; बुधवारी राणीची बाग बंद. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर मात्र होळी-दिवाळीचे मोजके दिवस सोडले तर रोज उघडं असतं. 1985 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचा अर्धा जीव बाहेरच्या बागेत आहे: हलवून, ओढून, ओरडून बघायची साधनं, वाफेचं जुनं इंजिन, ट्राम, एक लढाऊ विमान. पाच वर्षांखालच्या मुलांना आधी इथेच सोडावं. आतली दालनं सहापासून पुढच्या मुलांना कळतात, त्यातही आरशांचं दालन सगळ्यांना. काही साधनं बंद असतात, तिथे अडून न बसता पुढे जावं. बाहेरच्या बागेत दुपारी ऊन लागतं, म्हणून सकाळी बाग, दुपारी दालनं.

इथे यायला आता मेट्रो 3, म्हणजेच भुयारी मेट्रो आहे. आरे ते कफ परेड असा हा 33.5 किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला, 27 स्टेशनं, आणि त्यातलं एक सायन्स सेंटरच्या नावाचंच. भाडं 10 ते 70 रुपये. लहान मुलांच्या दृष्टीने मुंबईतलं हे सगळ्यात चांगलं वाहन आहे. लिफ्ट आहे, एसी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेची दारं असल्यामुळे मूल रुळांवर पडण्याची भीती नाही. मुलांना ती दारं गाडीच्या दारांसोबत उघडताना बघायला आवडतं, दोन गाड्या सोडून तिसरीत बसलं तरी चालतं. उणीव एक: जमिनीखाली मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे तिकीट वर असतानाच काढावं आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. नातेवाईकांना "पोचलो की फोन करतो" म्हणण्यापेक्षा भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवावी. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना सीएसएमटीहून मेट्रोत बदलणं सोपं. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनपासून थोडं लांब, पश्चिमेला आहे, मुलांना घेऊन तेवढं चालणं नको वाटू शकतं.

समुद्र आणि डोंगर

गुहागर, आरे-वारे, तारकर्लीची वाळू बघितलेल्या मुलाला गिरगाव चौपाटीवर वाळू दाखवायला नेऊ नये. पाण्यात उतरवायचं तर मुळीच नाही. पाणी घाण आहे, आणि पावसाळ्याच्या शेवटी जेलीफिशही येतात. जायचं ते सूर्य मावळताना, भेळ आणि मरीन ड्राइव्हच्या दिव्यांसाठी. कठड्यापलीकडच्या काँक्रीटच्या चौपायांवर मुलांना चढू देऊ नका. शेवाळाने ते निसरडे असतात आणि भरतीच्या लाटा वरपर्यंत येतात. जेट्टी आणि खडकांवर वाढलेली आपली मुलं इथे निर्धास्त उतरतात, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे. जुन्या आठवणींवर विसंबून मुलांना मासे दाखवायचं वचन देऊ नका.

मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट अजून तसाच मुलांचा लाडका आहे. तिथे जायला ग्रँट रोडहून टॅक्सी करावी, चढ चालत चढवू नये. पार्कच्या मागे सिरी रोडला मार्च 2025 मध्ये झाडांमधून जाणारी उंच लाकडी वाट सुरू झाली, 485 मीटर लांब, तिकीट 25 रुपये. ठरावीक वेळेचं आरक्षण ऑनलाइन करावं लागतं. ऐनवेळी गेल्यास सुट्टीच्या दिवशी प्रवेश मिळणं अवघड. पहाटे पाचला उघडते, सकाळी सातची वेळ घेतली तर गर्दी नाही आणि पक्षीही दिसतात. काचेच्या तळाच्या गच्चीवर काही मुलं पाय टाकत नाहीत, त्यांना ओढू नये.

घारापुरीला गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने सुमारे तास, मग धक्क्यापासून चालणं किंवा छोटी गाडी, आणि वर लेण्यांपर्यंत 120 च्या आसपास पायऱ्या. माकडं हातातला खाऊ हिसकावतात. चार वर्षांच्या मुलाला त्या लेण्यांचं काही नसतं आणि परतीच्या बोटीत ते झोपतं, म्हणजे बोटीतून उतरताना ते कडेवर. 18 डिसेंबर 2024 च्या बोट दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर ते पाण्यात वर सरकून डोक्यावरून निघतं. म्हणून बसण्याआधी लहान मापाचं मागा, पट्टे आवळून खांद्यापाशी वर ओढून बघा. लहान माप नसेल तर ती बोट सोडून द्या.

अलिबाग-मुरुडकडून येणाऱ्यांसाठी

मांडव्याहून येणाऱ्यांना लोकल, जिने, दादर यातलं काहीच करावं लागत नाही. गेटवेच्या कॅटामरान लाँचला तासाभराच्या आत-बाहेर लागतो आणि काही कंपन्यांच्या तिकिटातच अलिबाग–मांडवा बस धरलेली असते. पावसाळ्यात जूनपासून त्या बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट मार्च 2020 पासून चालू आहे. ती मोठी, स्थिर, गाडीसकट जाणारी, आणि पावसाळ्यातही हवामान बघून चालते. भाडं लाँचपेक्षा जास्त असलं तरी समुद्र लागणाऱ्या मुलांसाठी रो-रोच घ्यावी. भाऊच्या धक्क्याहून राणीची बाग टॅक्सीने तीन-चार किलोमीटर. सकाळच्या बोटीने येऊन बाग बघून संध्याकाळच्या बोटीने परत, हा रायगडकरांसाठी मुंबईत मुक्काम न करता होणारा उत्तम दिवस आहे. परतीचं तिकीट मात्र येतानाच काढून ठेवावं.

टॅक्सी, बेस्ट आणि पोट

काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. मध्यरात्र ते पहाटे पाच पाव पट जास्त. डिकीत सीएनजीची टाकी असते, बॅगा टपावर जातात. कोकणातून आणलेल्या आंब्याच्या पेट्या असतील तर दोरी तपासून घ्या. चौघांपेक्षा जास्त घेत नाहीत. शहर भागात रिक्षा नाही, ती वांद्रे-शीवच्या पुढे. बेस्टचं किमान भाडं मे 2025 पासून साध्या बसला 10, एसीला 12 रुपये. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी ए-115 ही एसी डबलडेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसावं. बस सुटण्याआधी जिना चढून घ्या, चालत्या बसमध्ये मूल जिन्यावर नको. मुलांसाठी 12 रुपयांत यापेक्षा चांगली मुंबई दिसत नाही.

खाण्यात प्रयोग नकोत. मासे आपल्याकडे घरीच चांगले मिळतात. सकाळी माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला राम आश्रयमध्ये इडली-शिरा. तिखट नसल्याने मुलं खातात आणि वाढणंही झपाट्याने होतं. दादरला शिवाजी पार्ककडे आस्वाद किंवा प्रकाश: थालीपीठ, साबुदाणा वडा, पियुष. शनिवार-रविवारी बाहेर थांबावं लागतं, म्हणून साडेबाराच्या आत जावं. प्रत्येक मुलामागे पाण्याची एक बाटली आणि बदलायचे कपडे बरोबर ठेवा. स्वच्छतागृह दिसेल तिथे मुलाला नेऊन आणा, "लागलीय का?" विचारत बसू नका.

परतीच्या दिवशी बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात, फक्त कुलूप लावलेलीच बॅग घेतात. आणि तुतारीचं परतीचं तिकीट काढताना तारीख नीट बघा. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलं तर ती गाडी शुक्रवारी मध्यरात्रीनंतरच निघून गेलेली असते, आणि झोपलेल्या मुलांना घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावरच ते कळतं.